मंडळाची पहिली वर्षे

धाराशिवहून बीडकडे निघाले की येडशी, येरमाळा मागे पडते, तेरखेड्याचे फटाक्यांचे कारखाने लागतात आणि मग वाशीकडे वळणारे फाटे येतात. बालाघाटच्या रांगेतला हा तालुका. जमीन बरीचशी हलकी, पाऊस बेभरवशाचा. सोयाबीन, तूर, ज्वारीची शेती, जोडीला दुभती जनावरे आणि खव्याच्या भट्ट्या. दसरा झाला की कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागणारी कुटुंबेही याच भागातली. जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी वाशी आणि लोहारा हे दोन उशिरा झालेले. त्याआधी वाशीच्या माणसाला तहसिलीतल्या साध्या कागदासाठी दुसऱ्या गावाची एसटी धरावी लागे. अशा मुलखात गावाची सेवा करणारे मंडळ जन्माला कसे येते, पहिली चार-पाच वर्षे ते कशावर तगते आणि पुढे कशाने विझते, हे समजून घ्यायचे तर शहरातल्या क्लबांचा इतिहास फारसा उपयोगी पडत नाही. तरी सुरुवात तिथूनच करू, कारण सेवासंस्था म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तोच नमुना येतो.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन मित्रांना जमवून रोटरीची पहिली बैठक घेतली. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटायचे, म्हणून ते नाव. भारतात रोटरी आधी कोलकात्यात आली, १९२०च्या सुमारास. मुंबईत १९२९ साली. लायन्सची सुरुवात १९१७ची आणि भारतातला त्यांचा पहिला क्लब मुंबईतला, १९५६ सालचा. रोटरी जन्मली त्याच १९०५ साली, १२ जूनला, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. चार वर्षांनी रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि १९११मध्ये ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. रोटरीला हवा होता व्यवसायात स्थिरावलेला, आठवड्याला एक वेळ मोकळी असलेला माणूस. गोखल्यांना हवा होता आयुष्य वाहून टाकणारा सेवक. दोन्ही वाटांनी मोठे काम झाले आहे. पण दिवसभर खुरपणी करून, दोन हंडे पाणी आणून चुलीपुढे बसणाऱ्या बाईला या दोन्ही वाटा बंद होत्या. तिला मोकळा वेळ नव्हता आणि घर सोडून निघण्याची मुभाही नव्हती.

मराठवाड्याचे आणखी एक वेगळेपण आहे. पुण्या-मुंबईत सार्वजनिक सभा भरत होत्या तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. तिथे चार माणसे जमवून सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. गश्ती निशाण ५३ या नावाने तो हुकूम जुन्या माणसांच्या तोंडी होता. संस्था काढणे म्हणजे संशय ओढवून घेणे. त्यामुळे इथले सार्वजनिक काम शाळा, वाचनालय, व्यायामशाळा, भजन यांच्या आडोशाने वाढले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे शिकवले. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कितीतरी कार्यकर्ते अशा शाळांनी घडवले. १७ सप्टेंबर १९४८ला निजामी संपली तेव्हा लोकांना संस्था चालवण्याची सवय होती, पण ती शाळेच्या संस्थेची आणि पुरुषांची. गावातल्या बायकांची एकत्र येण्याची ठिकाणे पाणवठा, जातं आणि हरिनाम सप्ताहातली पंगत एवढीच राहिली.

मग सरकार मंडळे घेऊन आले. २ ऑक्टोबर १९५२ला देशात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग ग्रामसेविका, मुख्यसेविका, बालवाडी आणि महिला मंडळ हे शब्द खेड्यात पोचले. महिला मंडळाला शिलाई मशीन मिळे, सतरंजी मिळे, कधी थोडे अनुदान मिळे. कागदोपत्री अशी मंडळे गावोगाव होती. प्रत्यक्षात अध्यक्षीण बहुतेक ठिकाणी सरपंचांच्या किंवा पाटलांच्या घरातली, मशीन तिच्याच ओसरीवर आणि बैठक मुख्यसेविका यायची असेल तेव्हाच. यात त्या बायकांचा दोष मी मानत नाही. मंडळाला करण्यासारखे काम कुणी दिलेच नव्हते. गावाला ज्याच्यावाचून अडेल असे एखादे काम हातात आल्याशिवाय मंडळ जिवंत होत नाही, हे माझे मत आहे, आणि या जिल्ह्यात त्याचा पुरावा १९९३नंतर मिळतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन करून माणसे नुकतीच निजली होती. किल्लारीचा भूकंप वाशीपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर झाला. लातूर जिल्ह्यातली किल्लारी, मंगरूळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर अशी गावेच्या गावे झोपली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ गेला. अनेक अंदाज त्याहून मोठे आहेत.

माणसे मारली ती घरांनी. या भागातले जुने घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, लाकडी खण आणि वर माळवद. माळवद उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. पण पाऊस गळू नये म्हणून दरसाल त्यावर मातीचा नवा थर पडायचा आणि पिढ्यान्‌पिढ्या छताचे ओझे वाढत जायचे. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारे आडवे जोडदगड बहुतेक घरांत नव्हते. धक्का बसला तशी भिंत दोन पाळ्यांत फुटली आणि माळवद खाली आले.

पार कोसळलेली बावन्न गावे सरकारने नव्या जागी वसवायला घेतली. त्या पुनर्वसनावर खूप लिहिले गेले. त्या मानाने दुसऱ्या कामाकडे लक्ष कमी गेले. घरे उभी आहेत पण तडकली आहेत, अशी लातूर आणि उस्मानाबाद मिळून बाराशेहून अधिक गावे होती. तिथे गाव हलवायचे नव्हते. घरमालकाला हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे आणि त्याने आपले घर स्वतः दुरुस्त, मजबूत करून घ्यायचे, अशी जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेली ती योजना होती. अडचण अशी की ज्या दगड-मातीच्या घराने शेजारगावात माणसे मारली त्याच घरात परत राहायला कुणी तयार नव्हते. लोक अंगणात, पत्र्याखाली झोपत. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात काँक्रीटचा जोड घातला, कोपरे जाळी आणि सिमेंटने बांधले, माळवदावरची माती उतरवली, तर हेच घर तगेल, असे सांगणाऱ्या अभियंत्यावर विश्वास कुणी ठेवायचा? आणि एवढ्या गावांत घराघरांत जाऊन ते सांगायचे कुणी?

इथे स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था येते. प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या या संस्थेकडे सरकारने लोकसहभागाची जबाबदारी सोपवली. त्यांनी बाहेरून पगारी माणसांची फौज आणली नाही. प्रत्येक गावातले कागदावरचे महिला मंडळ शोधून काढले, जिथे नव्हते तिथे उभे करायला लावले आणि त्या मंडळाने आपल्यातली एक बाई निवडून द्यावी असे ठरवले. तिचे नाव संवाद सहायक.

संवाद सहायकेचे काम ऐकायला साधे आणि करायला अवघड होते. योजना काय आहे, कोणत्या घराला किती हप्ते, पहिला हप्ता मिळाल्यावर किती काम दिसले की दुसरा निघतो, सिमेंट कुठून घ्यायचे, गवंड्याकडून कोणती चूक होऊ द्यायची नाही, हे तिने आधी शिकायचे आणि मग घराघरांत सांगायचे. त्यासाठी तिला अभियंत्याशी बोलावे लागे, ग्रामसेवकाकडून याद्या मागाव्या लागत, बँकेत जावे लागे, तालुक्याच्या बैठकीला एकटीने एसटीने जावे लागे. ज्या गावात बाई चावडीसमोरून जाताना पदर पुढे ओढायची तिथे ती चावडीत बसून यादी वाचू लागली. गावाने तिला हे करू दिले, कारण तिच्याजवळची माहिती सगळ्यांना हवी होती. हप्ता अडला की पुरुषही तिच्या दाराशी येत.

योजनेचा मूळ हेतू पूर्ण साधला असे म्हणता येणार नाही. बहुसंख्य कुटुंबांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी त्या पैशांत शेजारी एक नवी पक्की खोली बांधली. भीती तंत्रज्ञानापेक्षा मोठी ठरली. तरीही दोनेक लाख घरांच्या या व्यवहारात बायका पहिल्यांदाच बांधकामावर देखरेख करत होत्या. दिवसभर घरी असणारी तीच, गवंड्याच्या कामावर नजर तिचीच आणि ओट्याची, न्हाणीची जागा ठरवण्यात मतही तिचे.

या जिल्ह्यातल्या सेवामंडळांचा खरा स्थापना दिवस मी इथे धरतो. नोंदणीच्या दाखल्यावरची तारीख कितीही जुनी असो.

याच सुमारास दोन गोष्टी जुळून आल्या. २४ एप्रिल १९९३पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. जून १९९४मध्ये राज्याने महिला धोरण जाहीर केले. कायद्याने खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसून बोलायची तयारी मात्र जिथे मंडळ कामाला लागले होते तिथेच लवकर झाली. घरदुरुस्तीचे काम ओसरल्यावर या मंडळांनी विचारलेले पुढचे प्रश्न बघा: रेशन दुकान महिन्यातून किती दिवस उघडते, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर कोणत्या वारी असतो, हातपंप कुणी दुरुस्त करायचा, अंगणवाडीचा खाऊ कुठे जातो. प्रश्न लहान वाटतील. पण सिमेंटच्या हप्त्याची माहिती मागून मिळते हे ज्या बाईने अनुभवले, तिला हातपंपाची माहिती मागताना आता संकोच वाटत नव्हता.

आता थोडे कागदांविषयी, कारण मंडळांचे मरण बऱ्याचदा कागदांत असते.

संस्था नोंदवायची तर १८६०च्या कायद्याप्रमाणे निदान सात माणसे लागतात. त्यांनी सह्या केलेले उद्देशपत्रक, नियमावली, कार्यकारी मंडळाची यादी, जागेच्या मालकाचे संमतिपत्र, असे सगळे धर्मादाय कार्यालयात दाखल करायचे. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. उत्साहाच्या भरात हे होऊन जाते. त्यानंतर दरसाल हिशेब तपासून दाखल करायचा असतो आणि कार्यकारिणीत एक नाव जरी बदलले की ठराविक मुदतीत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. इथे मंडळ अडकते. कोषाध्यक्ष लग्न होऊन सासरी गेली, सचिव ऊसतोडीला गेली, अध्यक्षीण वारली, आणि दफ्तरी पहिलीच सात नावे राहतात. पुढे कुणी मंडळ पुन्हा चालवायला घेतले की मागची दहा-पंधरा वर्षे निस्तरावी लागतात. तालुक्याला अशा कामाची जाण असलेला एक भला वकील किंवा लेखापरीक्षक मिळाला तर मंडळ वाचते. नाहीतर फळी असते, शिक्का असतो, काम नसते.

वाशीसारख्या भागात आणखी एक पंचांग सांभाळावे लागते. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दसऱ्यानंतर जातात ती उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. म्हणजे ऐन सहा महिने निम्मे सभासद कर्नाटकात नाहीतर पश्चिम महाराष्ट्रातल्या फडात. जी मंडळे दर महिन्याची बैठक हा नियम घट्ट धरून बसली त्यांची गणपूर्तीच होईना. ज्यांनी मोठे निर्णय आखाडात, पेरण्या उरकल्यावर घ्यायचे आणि उरलेल्या महिन्यांत मागे राहिलेल्या बायकांनी पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचे औषध बघायचे असे ठरवले, ती टिकण्याची शक्यता अधिक. शहरातल्या क्लबाची वर्षाची आखणी इथे जशीच्या तशी चालत नाही.

१९९८च्या सुमारास दुरुस्तीची योजना आटोपत आली तेव्हा मंडळांपुढे प्रश्न होता: आता काय करायचे? बचत हे त्याचे उत्तर होते. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग सुरू केला होता. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५पासून होतेच. दरमहा वीस-तीस रुपये, एक वही, एक पेटी, आपसात कर्ज. सहा महिने वही नीट चालली की बँक कर्जाला उभी राहते. आजारपण, बियाणे, शाळेची फी यांसाठी सावकाराच्या दारात उभे राहणे कमी झाले. कर्ज मागायला आलेल्या बाईला दहा जणींसमोर आपली गरज सांगावी लागे आणि त्या दहा जणींना तिच्या घरची स्थिती ठाऊक असे; त्यामुळे तिथे खोटेपणाला जागा कमी होती.

पण गटाने मंडळाची जागा घेतली तेव्हा काही गमावले गेले आणि त्याची खंत मला वाटते. मंडळ अख्ख्या गावाचे असे. गट मात्र दहा ते वीस जणींचाच, कारण वीसहून जास्त माणसांनी नोंदणीशिवाय आर्थिक व्यवहारासाठी एकत्र येणे तेव्हाच्या कंपनी कायद्यात बसत नव्हते. दहा-वीस जणी निवडायच्या म्हटल्यावर त्या आपल्या गल्लीतल्या, आपल्या भावकीतल्या, आपल्या जातीच्या निघाल्या. गावाच्या एका मंडळाचे सात-आठ गट झाले. बैठकीत पाण्याचा, शाळेचा विषय मागे पडला आणि हप्ता, व्याज, थकबाकी एवढेच बोलणे उरले. पुढे खासगी वित्तपुरवठा कंपन्या आल्या आणि त्यांनीही कर्जवाटपासाठी बायकांचे गटच धरले. तिथे वसुलीपलीकडे विषयच नव्हता. २०११नंतर उमेद या सरकारी अभियानात गट मिळून ग्रामसंघ आणि ग्रामसंघ मिळून प्रभागसंघ अशी बांधणी झाली, तेव्हा फुटलेले गाव पुन्हा एका सतरंजीवर आणायचा प्रयत्न सुरू झाला. गावाच्या प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवणारा ग्रामसंघ मला जुन्या मंडळाचा खरा वारस वाटतो.

पुरुषांच्या मंडळांविषयी थोडक्यात सांगतो. गणेश मंडळ, तरुण मंडळ, १९७२पासून नेहरू युवा केंद्राकडून खेळाचे साहित्य घेणारी मंडळे, २०००नंतर गाडगेबाबा स्वच्छता अभियानात झाडू घेऊन उतरलेली मंडळे, या सगळ्यांनी रक्तदान केले, श्रमदान केले, दुष्काळात टँकरपुढच्या रांगा लावल्या. पण त्यांचा वेग सणाचा असतो. निवडणूक आली की त्यांच्यात गट पडतात. अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत.

जिल्ह्यात सेवेचे इतर नमुनेही उभे राहिले. अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनमधून गावातल्याच बायकांना प्राथमिक उपचार शिकवून भारतवैद्य म्हणून उभे केले. तिथेही तेच दिसते: बाईच्या हातात एक निश्चित काम आणि एक निश्चित ज्ञान दिले, की तिच्याभोवती मंडळ आपोआप जमते.

२६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतल्या बायका तिकडे गेल्या. त्यांना गुजराती येत नव्हते. त्या गेल्या आणि तिथल्या बायकांजवळ बसल्या. हप्ते कसे येतात, यादीत नाव नसेल तर काय करायचे, तात्पुरत्या निवाऱ्यात पोरीबाळींना कसे सांभाळायचे, गवंडी काय लपवतो, हे त्यांनी सांगितले, कारण हे सारे त्यांनी आठ वर्षांपूर्वी भोगलेले होते. पुढे २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर हीच साखळी तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत पोचली. मदत करणारा वरचा आणि घेणारा खालचा, हे सेवासंस्थांतले जुने दुखणे. इथे ते उरले नव्हते, कारण शिकवणारी बाई काल स्वतः पत्र्याखाली झोपली होती. महाराष्ट्रातल्या सेवाकार्याच्या इतिहासात या प्रवासाला मानाचे पान मिळायला हवे. अजून ते मिळालेले नाही.

भूकंपात तयार झालेली माणसे दुष्काळात कामी आली. २०१२पासून मराठवाड्यावर वरचेवर कोरडी वर्षे आली. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सोयाबीन आणि उसाच्या नादात घरच्या ताटातली ज्वारी, मूग, उडीद, भाजी शेतातून हद्दपार झाली होती. या बायकांनी नवऱ्याकडे, सासऱ्याकडे एक एकर, कुठे अर्धा एकर मागितला: तुमचे नगदी पीक तुम्ही घ्या, एवढ्या तुकड्यात काय पेरायचे ते मी ठरवीन. त्यात त्यांनी कडधान्ये, भाज्या, तृणधान्ये मिसळून पेरली, खत घरचे वापरले, बियाणे घरचे राखले. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या कामाच्या आघाडीवर होत्या. त्यांच्यावर एक चित्रकथाही निघाली आहे. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी कोंबडीपालनातून असंख्य बायकांना धंद्याला लावले आणि २०२१चा राष्ट्रीय नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. दोघींची सुरुवात गावच्या बैठकीतल्या सतरंजीवर झाली. प्रेमा गोपालन २०२२ साली गेल्या.

१९९४ साली संवाद सहायक झालेली तिशीतली बाई आता साठी ओलांडून गेली आहे. तिने आणि तिच्या मंडळाने लिहिलेली प्रोसिडिंगची बुके, हजेरीपट, घरोघरच्या याद्या ट्रंकांत, माळ्यावर, कुठे ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून आहेत. अंगठ्याच्या ठशांच्या जागी पुढच्या पानांवर वाकड्या सह्या येत गेल्या, हे त्या वह्यांतच दिसू शकते. मुक्तिसंग्रामाचे कागद आपण उशिरा का होईना गोळा केले. या वह्यांचे काम अजून कुणी हातात घेतलेले नाही. वाशी, कळंब, भूम, तुळजापूरच्या महाविद्यालयांत इतिहासाचे, समाजशास्त्राचे वर्ग आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची पोरे आहेत, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असलेला फोन आहे. हिवाळी शिबिराचे सात दिवस एका गावातल्या वह्यांची पाने टिपायला आणि त्या बायकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायला पुरतील. त्यासाठी आधी सून, सरपंच आणि ग्रामसेवक यांना विचारावे लागेल, ट्रंक कुणाच्या ताब्यात आहे ते शोधावे लागेल, आणि वही वाचून दाखवायला ती लिहिणारी बाई शेजारी असावी लागेल. वाळवी आणि वय दोन्ही थांबत नाहीत, म्हणून हे येत्या हिवाळ्यातच सुरू व्हावे. एखाद्या प्राध्यापकाने मनावर घेतले तर पहिले गाव वाशी तालुक्यातले घ्यावे. ऊसतोडीच्या टोळ्या गेलेल्या असतील, पण वही सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या घरीच असतात.